दीड हात बांधाचं अपील

बिरवाडी, ता. महाड
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं ते जेलातून फोन करायचं प्रकरण आता बंद करू या. आठवड्याला दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली नऊ तू “काय? काय?” करण्यात घालवतोस. मागच्या खेपेला मी बरा हायस का म्हणून विचारलं, तर तू डाळीत मीठ नसतं म्हणून सांगितलंस. उजवा कान गेलाय हे ठाऊक असून फोन लावतोस उजव्याच कानाला. त्यापेक्षा पत्र बरं. जेलात जे साहेब ही पत्रं उघडून वाचतात त्यांना माझा नमस्कार सांग म्हणून लिहिणार होते, पण ते आत्ता वाचतच असतील. साहेब, नमस्कार. भाऊ हट्टी हाय, सांभाळून घ्या.

आता कामाचं. तुझं अपील चार वर्षं हायकोर्टात पडून होतं, ते या वर्षी सुनावणीला लागेल असं दिसतंय. सरकारकडून मिळालेल्या वकीलबाई बदलल्या. नव्या बाईंचं नाव आम्रपाली, माहेर आपल्या महाडातलंच, वय एकोणतीस. मी मुंबईला जाऊन भेटले. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी नेली होती, ती त्यांनी तुझ्या केसचे कागद चाळताचाळता उभ्यानंच खाल्ली. बाई कामाच्या हायत.

त्यांनी मला समजावलं ते असं. सोमाला मारताना तुला कोणीही पाहिलेलं नाय. सगळी केस आजूबाजूच्या परिस्थितीवरनं रचलेली हाय आणि ती तीन गोष्टींवर उभी हाय. एक, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पोलादपूरच्या बाजारातून तू आणि सोमा एकाच जीपनं आलात आणि आपल्या कुडपणला एकत्र उतरलात. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमा त्याच्या भाताच्या खाचरात बांधाखाली डोकं फुटून पडलेला मिळाला. दोन, पोलिसांनी तुझ्या गोठ्यातून रक्ताचा कोयता काढला. तीन, तुमच्या दोन खाचरांमधल्या त्या बांधावरनं वीस वर्षांची भांडणं, आणि मरायच्या तीन महिने आधी सोमानं तुझ्याविरुद्ध तहसीलदाराला दिलेला अर्ज.

या तीन गोष्टींबद्दल तुला जे आठवतं ते सगळं लिही. जेलातल्या जेवणाबद्दल नको.

इकडे सगळी बरी हायत. तुझे दाजी गुडघ्याला तेल लावून बसलेत. जीव सांभाळ, आणि माझ्यावर रागावलास तरी पत्र टाकत जा.

तुझी
प्रयाग

---

मुक्काम जेल
२७ जानेवारी २०२५

विषय : खाचराच्या बांधाबाबत खुलासा.
संदर्भ : तुझे दि. १२ चे पत्र.

चि. सौ. प्रयाग हिस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. साहेबांनी नमस्कार स्वीकारला आणि सुकटीची चटणी कशी करतात ते विचारले आहे. सवडीने कळव.

येथील वाचनालयात कायद्याचे एक पुस्तक आहे. त्याची पहिली चाळीस पाने कोणी तरी नेली, त्यामुळे मला कायदा एकेचाळिसाव्या पानापासून येतो. पण आपल्या कामाचे प्रकरण त्यापुढेच आहे. पाहणारा साक्षीदार नसेल तेव्हा सरकारने परिस्थितीची साखळी जोडायची असते. एकेक कडी वेगळी सिद्ध व्हावी लागते. सगळ्या कड्या मिळून एकाच माणसाकडे बोट गेले पाहिजे, आणि दुसरे काही घडले असेल अशी शंकेला जागा उरता कामा नये. एक कडी सुटली की साखळी सुटली. माझ्या बराकीतील सहा जणांना मी हे समजावून दिले. त्यांतले दोघे आता मला सर म्हणतात.

आता मुद्द्याचे. सेशन कोर्टाच्या निकालपत्रात पान एकोणतीसवर असे लिहिले आहे की आरोपीने मयताच्या जमिनीत दीड हात बांध सरकवला होता. हे वाक्य प्रथम काढून टाकावे. वकीलबाईंना सांग की अपिलात पहिला मुद्दा बांधाचा घ्या, खुनाचा नंतर पाहू. जन्मठेप माणूस भोगू शकतो. पण आपल्या बापाच्या जमिनीची हद्द ओलांडणारा भागोजी, असे सरकारी कागदावर कायमचे राहणे मला मंजूर नाही. गावात तीस वर्षे लोकांचे अर्ज मी लिहिले आहेत. माझ्या शब्दाला वजन आहे.

कोयत्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. माझ्या गोठ्यात माझा कोयता नसेल तर कोणाचा असेल? रक्त माझ्या अंगठ्याचे. तू लहानपणापासून पाहते आहेस, मला कोयता आणि अंगठा एका वेळी सांभाळता येत नाही.

सबब, वरीलप्रमाणे कार्यवाही व्हावी. दाजींना गुडघा शेकायला सांग. आहे ती माया कमी करू नये.

तुझा दादा
भागोजी

---

बिरवाडी
१८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आम्रपालीबाईंना वाचून दाखवलं. खुनाचं नंतर पाहू इथपर्यंत आल्यावर त्या पाणी पीत होत्या, त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या की असा अशील त्यांना पहिल्यांदाच मिळाला. मला काय लाज वाटली.

बाईंनी खालच्या कोर्टातले मूळ कागद बघितले. कोयत्याच्या पंचनाम्यावर पंच म्हणून मंगेशची सही हाय, हायवेला ज्याचं पंक्चरचं दुकान हाय तो. आत्तापर्यंत अकरा केसींत पंच झालाय. कोर्टात त्यानं सांगितलं की पोलिसांबरोबर तो जीपनं थेट गोठ्याच्या दारात उतरला. दादा, तुझ्या गोठ्यापर्यंत बैलसुद्धा कुरकुरत जातो, तिथे जीप कुठून जाणार? आणि मूळ पंचनाम्याच्या कागदावर सहीच्या शेजारी काळ्या ग्रीसचा अख्खा अंगठा उमटलाय. टाइप केलेल्या नकलेत तो कोणाला दिसला नव्हता. बाई म्हणाल्या, सही दुकानात बसूनच झालीय; माणूस गोठ्यापर्यंत चढून गेला असता तर घामाचा डाग पडला असता.

जीपचंही तसंच. तुम्ही पाचला उतरलात आणि सोमा दुसऱ्या दिवशी बाराला मिळाला. मधे एकोणीस तास. तेवढ्या वेळात कोणीही तिथं आलं असेल नायतर गेलं असेल. शिवाय डॉक्टरांनी साक्षीत मान्य केलंय की बांधावरनं दगडावर पडूनही अशी जखम होऊ शकते. तुझ्या सेशनच्या वकिलानं हे विचारलं आणि पुढे काय करायचं ते विसरला.

आता उरला तो हेतू. त्यासाठी सरकारचा मोठा आधार म्हणजे सोमाचा तहसीलदाराला दिलेला अर्ज. बाईंनी त्याची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. मी दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. पुन्हा उचलला.

दादा, सोमा अंगठेबहाद्दर होता. अर्जाखाली त्याचा अंगठा हाय. पण “सबब” लिहिताना ब चं पोट मडक्यासारखं फुगवणारा माणूस सबंध पोलादपूर तालुक्यात एकच हाय. त्याच हातानं माझा शाळेचा दाखल्याचा अर्ज लिहिला, लग्नाची यादी लिहिली आणि त्याच हातानं मला मागच्या महिन्यात पत्र लिहिलं.

तू सोमाच्या नावानं स्वतःविरुद्ध तक्रार लिहिलीस? मी बाईंना अजून काय बोलले नाय. खरं काय ते मला लिही, आणि विषय नि संदर्भ न घालता लिही.

तुझी
प्रयाग

---

मुक्काम जेल
५ मार्च २०२५

चि. सौ. प्रयाग हिस अ. उ. आ.

विषय घातलेला नाही.

तू सातवीतून शाळा सोडलीस ही मोठी चूक झाली. तुला पोलिसात घालायला हवे होते.

होय, तो अर्ज मी लिहिला. त्या वर्षी ऑगस्टात एका सकाळी सोमा माझ्या ओट्यावर येऊन बसला. तंबाखू मळली. मग म्हणाला, “भाग्या, तुझ्यावर तक्रार टाकायची हाय. लिहून दे.” मी म्हटले, दुसऱ्या कोणाकडून लिहून घे. तर म्हणाला, दुसऱ्याच्या अर्जावर साहेब नजरसुद्धा टाकत नाय. आता तूच सांग, यावर मी काय बोलणार? मी कागद घेतला.

अर्ज नीट लिहायचा तर मजकूर खरा लागतो. मी त्याला एकेक गोष्ट विचारत गेलो आणि लिहीत गेलो. बांध मूळचा कुठे होता, कधी हलला, कोणी हलवला. तिसऱ्या परिच्छेदाला माझा हात थांबला. सोमा पनवेलला हॉटेलात कामाला होता त्या वर्षी पावसात बांध ढासळला होता आणि तो मी एकट्याने पुन्हा रचला होता. रचताना तो पलीकडे गेला. दीड हात. मुद्दाम गेला की आपोआप, हे मी वीस वर्षे स्वतःला विचारले नव्हते. विचारावे लागू नये म्हणून त्याच्याशी भांडत होतो. सोमा माझ्याकडे बघत होता. मी तिसरा परिच्छेद पूर्ण केला.

तहसीलमधल्या कारकुनाने सांगितले की असले वाद महाडच्या लोकअदालतीत मिटवून घ्या. आम्ही ऑक्टोबरात गेलो. गावात मी सांगितले डोळे तपासायला जातो, त्याने सांगितले पुतण्याकडे जातो. मी बांध सरकवल्याचे कबूल केले आणि भात कापून झाल्यावर तो मूळ जागी घालून द्यायचे लिहून दिले. बाहेर आल्यावर मी म्हटले, गावात तोंड कसे दाखवायचे? सोमा म्हणाला, “गावाला कशाला सांगायचं? आपण आपले भांडत राहू.”

त्यानंतर आम्ही महिनाभर जी भांडणे केली तशी आयुष्यात केली नव्हती. तो रोज सकाळी बांधावर उभा राहून माझ्या सात पिढ्या काढायचा आणि शुक्रवारी आम्ही एकाच जीपने बाजारात जाऊन स्टँडवर भजी खायचो. कोर्टात चार साक्षीदारांनी ती भांडणे शब्द न् शब्द सांगितली. सगळी खरी होती.

मग सोमा गेला. कसा गेला मला माहीत नाही. त्या दिवशी जीपमधून उतरून तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या. पोलीस आले तेव्हा मला वाटले, दोन दिवसांत सोडतील. मग दोन महिन्यांत. ही गोष्ट माहीत असणारा दुसरा माणूस मेला होता, आणि मरेपर्यंत त्याने तोंड उघडले नव्हते. मी कसे उघडू?

एवढे वाचून हे पत्र जाळ. वकीलबाईंना सांगू नको. आपली नाती अशीच राहू दे.

तुझा
दादा

---

बिरवाडी
२ एप्रिल २०२५

ती. दादास सा. न.

पत्र जाळलेलं नाय. तांदळाच्या डब्यात हाय.

मी महाडला कोर्टात जाऊन लोकअदालतीच्या कागदाची नक्कल काढली. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या दिवशी कारकुनानं मला चहा पाजला आणि म्हणाला, मावशी, दीड हातासाठी एवढी धडपड? मी म्हटलं, दीड हातासाठी नाय, भावासाठी. कागदावर सोमाचा अंगठा हाय आणि खाली तुझी सही, लग्नपत्रिकेवरच्या अक्षरासारखी झोकात.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच सोमाच्या त्या अर्जाचा मूळ कागद पुन्हा उघडला. अगदी खाली, अंगठ्याच्याही खाली, तुझ्या सवयीनं बारीक अक्षरात लिहिलेलं हाय, “अर्ज लिहिणार, भागोजी”. ती ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली आणि टाइप करणाऱ्यानं गाळली. साडेसहा वर्षांत पोलिसांनी, दोन्ही वकिलांनी आणि कोर्टानं तो अर्ज किती वेळा हातात घेतला असेल, पण शेवटपर्यंत कोणी वाचला नाय. बाई म्हणाल्या, ही ओळ तर आधीपासूनच केसमध्ये हाय. भांडण मिटल्याचं दाखवणारा लोकअदालतीचा कागद नव्यानं दाखल करायला कोर्टाची परवानगी मागायला लागेल, आणि त्याला तुझी संमती हवी.

आता नीट वाच. सोमानं तोंड बंद ठेवलं ते तुझं नाक वाचावं म्हणून. तू जेलात कुजावं म्हणून नाय. तो जिवंत असता तर त्यानं स्वतः कोर्टात येऊन तुला चार शिव्या दिल्या असत्या. मला पंचावन्न संपायला आली, दादा. दर भाऊबीजेला मी पाटाला ओवाळते आणि तुझे दाजी पाठ करून बसतात. अजून किती वर्षं पाटाला ओवाळू?

सोबत कागद पाठवलाय. सही कर नायतर मला बहीण म्हणू नको.

प्रयाग

---

मुक्काम जेल
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रयाग हिस अ. उ. आ.

सही केली आहे. एक विनंती, कुडपणात कळू देऊ नये.

पत्र वाचणाऱ्या साहेबांनी तुझे मागचे पत्र मला देताना माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नंतर स्वतःचे पेन दिले.

दादा

---

बिरवाडी
७ ऑगस्ट २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र आधी पोचतं की तू आधी बाहेर येतोस ते बघू. तू सुटलास. आता कुठे तरी बसून घे आणि पुढचं वाच.

मी सुनावणीचे दोन्ही दिवस आणि सोमवारी निकालाला कोर्टात होते. दोन जजसाहेब होते. आम्रपालीबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापला, मग जो लागला तो थांबेना. त्यांनी एकोणीस तास मांडले, मग जीप, मग ग्रीसचा अंगठा. मूळ कागद वर गेला तेव्हा थोरल्या साहेबांनी तो उजेडाला धरला आणि सरकारी वकिलांना विचारलं की या गोठ्यापर्यंत रस्ता हाय का. ते म्हणाले माहिती घेऊन सांगतो. साहेब म्हणाले, सहा वर्षं होती.

मग लोकअदालतीचा कागद आणि अर्ज. बाईंनी शेवटची ओळ वाचली. धाकट्या साहेबांनी विचारलं की आरोपीनं स्वतःविरुद्धची तक्रार स्वतः लिहिली असं तुमचं म्हणणं आहे का. बाई म्हणाल्या, होय, आणि चांगली लिहिली आहे. दोघंही हसले. सरकारी वकील म्हणाले की कबुली द्यावी लागली म्हणूनच राग धरून मारलं असेल. त्यावर थोरले साहेब म्हणाले की असेल आणि आहे यांच्यात फार अंतर असतं, ते अंतर सरकारनं चालून जायचं असतं. हे मी तुझ्यासाठी तिथंच बसून लिहून घेतलं.

निकालात लिहिलंय की साखळीची एकही कडी पक्की नाय. सोमा पडून गेला की कोणी मारलं हेसुद्धा सिद्ध झालं नाय, म्हणून निर्दोष सोडण्यात येतं. बांधाचं वाक्य मात्र राहिलं. उलट आता दोन ठिकाणी आलंय.

आणि एक. महाडच्या साप्ताहिकानं बातमी छापली, “दीड हात बांध सरकवल्याची कबुली, खुनाच्या आरोपातून सुटका”. कुडपणला तीन अंक गेले, सगळ्यांनी आळीपाळीनं वाचले. मी काय करू?

मी आणि दाजी दाराशी न्यायला येतो. जेलातला सदरा घालून येऊ नको, नवा आणलाय. सगळं मागं टाकून ये.

तुझी
प्रयाग

---

कुडपण, ता. पोलादपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. प्रयाग हिस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या घरून निघालो तो दुपारी वर पोचलो. नवा सदरा काखेत जरा आवळतो. दाजींना म्हणावे, गुडघ्याचे तेल तुमच्याकडेच राहिले असेल तर शोधू नका, मी आणले आहे.

जीपमधून उतरलो तर पारावर आठदहा जण बसलेले. कोणी खुनाचा विषय काढला नाही. भिकूने मात्र विचारले की दादा, दीड हात म्हणजे तुमच्या हातानं की सोमाच्या? सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. दुसऱ्या दिवशी दोघे जण अर्ज लिहून घ्यायला आले. म्हणाले, स्वतःविरुद्ध एवढा चांगला लिहिता तर आमचा कसा लिहाल. तेव्हा धंदा सुरू आहे.

घरात उंदरांनी संसार थाटला होता. दोन दिवस झाडलोट केली. खरे सांगायचे तर झाडलोट एका दिवसात झाली होती. दुसरा दिवस मी सोमाच्या बायकोच्या, कमळावहिनीच्या घराकडे जायचे टाळत काढला. निकालाचा कागद खिशात घेऊन फिरत होतो. काय काय बोलायचे ते मनात मांडून ठेवले होते, साखळी, कड्या, एकोणीस तास, सगळे.

काल सकाळी गेलो. तिच्यापुढे उभे राहायला मला जेलाच्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली. वहिनी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. केस पार पांढरे झाले आहेत. मी खाली अंगणात उभा राहिलो. खिशातला कागद काढला आणि सांगायला सुरुवात केली की हायकोर्टाने असे असे म्हटले आहे. तिने हाताने मला थांबवले. म्हणाली, “कागद ठेवा. भावजी, तुम्ही मारलंत त्यांना?”

प्रयाग, या साडेसहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पोलिसांनी कबूल कर म्हटले. सेशनच्या जजसाहेबांनी तुम्हांला काय म्हणायचे आहे असे विचारले. वकीलबाईंनी कागद विचारले. तूसुद्धा नाही विचारलेस. तुला विचारायची गरज वाटली नाही की भीती वाटली, ते मी विचारणार नाही.

मी म्हटले, नाही.

तिने सूप एका बाजूला सरकवले, ओट्यावर हाताने जागा झाडली आणि म्हणाली, “मग बसा.”

मी बसलो.

बाकी सर्व ठीक. जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.

तुझा दादा
भागोजी